तांदळाची एक मूठ

मिझोरममधील नाताळावरचे वृत्त वाचले. रोषणाईचे वर्णन छान, पण खरी गोष्ट राहून गेली. नोकरीमुळे दोन वर्षे ऐझॉलजवळच्या गावी होतो. तिथल्या प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या घरांत बाई भाताला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ चुलीजवळच्या डब्यात टाकते. ‘बुहफाय थम’ ही प्रथा १९१०पासूनची. साठलेला तांदूळ चर्चच्या बायका गोळा करून विकतात, पैसा धर्मकार्याला. मला आपला मुष्टिफंडच आठवला!

नाताळात ‘रुआई’ म्हणजे गावजेवण. चर्च जेमतेम चाळीस घरांचे, पंगत मात्र अख्ख्या गावाची. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी मोहरीचा पाला वेगळा उकडला होता. मीठ विसरले होते, तेवढे सोडा.

– एक वाचक, सांगली