मासे सोडण्याची घाई नको

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजीपाला वाढवण्याच्या अ‍ॅक्वापॉनिक्स पद्धतीविषयी अलीकडे पुरवण्यांमधून बरेच लिहून येते आणि त्यासोबत खाली मासे, वर टवटवीत पाने असे एखादे छायाचित्रही हमखास असते. हे लेखन मी आवडीने वाचतो. मात्र ते वाचून टाकी भरली, पंप लावला, रोपे लावली आणि मासे सोडले की काम झाले, असा नवशिक्याचा समज होतो. अशा घाईने उभारलेल्या संचातले मासे अनेकदा पहिल्या काही आठवड्यांतच मरतात आणि ते कशाने मेले हे घरात कुणालाच उमगत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तळाशी राहिलेले खाद्य कुजले की त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया माशांना विषासारखा असतो. रोपांच्या वाफ्यातल्या खडीवर, नळ्यांच्या आत आणि टाकीच्या भिंतींवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटातले जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे रोपांना सहज घेता येते आणि माशांनाही बरेच सोसते. नव्या संचात हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वाढ संथ असते, त्यामुळे त्यांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात आणि पाणी थंड असेल तर त्याहूनही अधिक. या काळात आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते आणि शेवटी दोन्ही शून्याजवळ येऊन नायट्रेट दिसू लागते.

यातला नायट्राइटचा टप्पा सर्वांत फसवा असतो, कारण तोवर अमोनिया उतरलेला असतो आणि पाणी नितळ दिसत असते. नायट्राइट रक्तात गेले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच घटते. कल्ले तपकिरी पडतात, हवेचे बुडबुडे भरपूर सुटत असूनही मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत राहतात आणि मालक हवा कमी पडते असे समजून आणखी मोठा हवापंप विकत आणतो.

हे टाळायचे असेल तर पहिले काही आठवडे टाकीत मासे नसलेलेच बरे. पाणी फिरते ठेवावे आणि सुगंध किंवा साबण न मिसळलेला शुद्ध अमोनिया लिटरला 2 ते 3 मिलिग्रॅम इतपत घालावा, किंवा माशांचे थोडे खाद्य पाण्यात कुजू द्यावे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) मोजणारा चाचणी संच मासे आणण्याआधी घरात असायला हवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते उघड्या भांड्यात, शक्यतो हवा सोडून, दिवसभर ठेवले की बहुतेक उडून जाते. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) मात्र तसे जात नाही, त्यासाठी ते निष्प्रभ करणारे मत्स्यालयाचे औषध किंवा सक्रिय कोळसा लागतो.

सामूच्या बाबतीत तिघांचे तीन कल असतात. जिवाणूंना तो 7 च्या वर आवडतो, रोपांना 6 च्या आसपास आणि मासे मधल्या पट्ट्यात सुखी असतात, म्हणून 6.8 ते 7 ही तडजोड मानली जाते. जिवाणूंच्या कामामुळे सामू हळूहळू घसरतो. तो सावरायला पोटॅशियम बायकार्बोनेट आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून, अगदी थोडे थोडे घालतात, म्हणजे माशांच्या खाद्यातून कमी मिळणारे पालाश आणि कॅल्शियमही रोपांना मिळते. खडी चुनखडीची निघाली तर उलटा त्रास होतो. सामू चढाच राहतो, लोह रोपांना घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. खडी वाफ्यात भरण्याआधी मूठभर खड्यांवर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर ती वापरू नये. तसे पाहता चांगल्या खडीतही लोह कमी पडतेच आणि ते चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहून रोपांना घेता येईल अशा स्वरूपात वेगळे द्यावे लागते.

प्रमाणाचा हिशेब तर क्वचितच कुणी सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 मध्ये छोट्या संचांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत पालेभाजीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे रोज 40 ते 50 ग्रॅम माशांचे खाद्य असे प्रमाण दिले आहे. वाढते मासे रोज आपल्या वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्के खातात. म्हणजे एवढ्या वाफ्याला किमान दोन-अडीच किलो मासे हवेत आणि 1000 लिटरमागे 10 किलो असा सावध हिशेब धरला तर त्यांना 200 ते 250 लिटर पाणी लागते. मेजावरच्या 40 लिटरच्या काचेच्या टाकीवर त्याच हिशेबाने फार तर चौरस मीटरचा पाचवा हिस्सा पिकेल. ती टाकी शोभेची म्हणून जरूर ठेवावी, पण तिच्या भरवशावर स्वयंपाकघर चालत नाही. शिवाय पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते, त्यामुळे ‘छोट्यापासून सुरुवात करा’ हा नेहमीचा सल्ला इथे जपूनच घ्यावा.

मोठा संच गच्चीवर ठेवायचा तर वजनाचा विचार आधी हवा. 30 सेंटिमीटर खोलीच्या एक चौरस मीटर वाफ्यात नुसती खडीच साडेचारशे किलोच्या घरात जाते, त्यावर पाणी आणि टाकी वेगळी. हा भार छताला पेलेल की नाही हे बांधकाम अभियंत्यालाच विचारावे. वीज गेली आणि मासे दाटीने ठेवलेले असले तर काही तासांतच प्राणवायू संपतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एक हवापंप राखून ठेवणे भाग आहे. पानांवर कीड दिसली तरी कीटकनाशक फवारता येत नाही, कारण त्याचे थेंब शेवटी टाकीतच उतरतात. कडुनिंबाचे तेलही माशांना बाधू शकते.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येईल तेव्हा भाजीच्या छायाचित्राशेजारी पहिल्या सहा आठवड्यांतल्या पाण्याच्या चाचण्यांचा एक साधा तक्ताही छापावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक