धागा तुटला की माग थांबावा

सोलापूर, गुरुवार

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमवारी सकाळी तुला हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवून परत येताना मनात आले की जे बोलायचे होते ते राहूनच गेले. फोनवर तू घाईत असतेस आणि मलाही समोर माणूस नसला की नीट बोलता येत नाही, म्हणून पत्राचा जुना मार्ग धरला आहे. रविवारी रात्री भाकरी थापता थापता तू आईला जे सांगत होतीस, ते मला बाहेरच्या खोलीत ऐकू आले. चोरून ऐकण्याचा हेतू नव्हता, पण आपल्या घराच्या भिंती तुला ठाऊकच आहेत.

मला समजले ते असे. तीन दिवसांचे म्हणून तू एक काम अंगावर घेतलेस, जुन्या नोंदी नव्या रचनेत बसत नाहीत हे दुसऱ्याच दिवशी तुझ्या लक्षात आले, आणि तरीही कोणाला काही न सांगता तू चार रात्री जागून ते एकटीने सावरण्याचा प्रयत्न केलास. सहाव्या दिवशी ग्राहकाने तुझ्या वरिष्ठांना विचारले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळले. ते तुला बोलले याचे तुला वाईट वाटले आहे. चूक तर कोणाच्याही हातून होते, मग एवढे काय झाले, असे तू आईला म्हणालीस. चूक कोणाच्याही हातून होते हे खरेच आहे, परंतु ते तुला चुकीबद्दल बोलले नसावेत असे मला वाटते. ते त्या मधल्या चार दिवसांबद्दल बोलले.

एकतीस वर्षे मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग-फोल्डिंग खात्यात काढली, त्यामुळे माझे उदाहरण तिथलेच असणार. तू शाळेत असताना एकदा माझा डबा घेऊन आली होतीस, तेव्हा चालता माग अचानक थांबलेला पाहून घाबरली होतीस. त्या मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी अडकवलेली असते. धागा तुटला की ती पट्टी खाली पडते, विजेचे मंडल जुळते आणि माग जागीच थांबतो. विणकर येतो, गाठ मारतो, माग पुन्हा चालू करतो, आणि या सगळ्याला मिनिटभर लागते. ज्या जुन्या मागांवर ही सोय नाही, तिथे विणकराची नजर चुकली तर तुटलेल्या धाग्याची रेघ वारच्या वार पुढे जात राहते. ती आमच्या टेबलावर सापडली तर तो नग दुय्यम मालात जातो. आमच्याही हातून निसटली तर माल ग्राहकाच्या दारातून परत येतो आणि पुढची ऑर्डरही बहुधा येत नाही. धागा तोच आणि दोषही तोच असतो, पण तो किती उशिरा कळतो यावर त्याची किंमत ठरते.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, तरीही मी तेच केले. १९९८ सालची गोष्ट आहे. फिक्या निळ्या टॉवेलांचा एक माल दोन वेगवेगळ्या रंगाईंतून आला होता. रंगाचे माप तेच असले तरी पाणी, तापमान आणि वेळ यांत थोडा जरी फरक पडला तरी छटा बदलते, म्हणून प्रत्येक रंगाईचा माल वेगळा ठेवायचा हा आमच्या खात्याचा पहिला नियम होता. माझ्या हातून दोन्ही एकत्र बांधले गेले. ट्यूबलाइटखाली फरक दिसत नव्हता. गुरुवारी दुपारी एक गठ्ठा दाराशी उन्हात नेला, तेव्हा तो दिसला. चाळीस डझन माल सोडून पुन्हा लावायचा तर अख्खा दिवस जाणार आणि सगळ्यांसमोर माझी चूक उघडी पडणार, म्हणून मी स्वतःची समजूत घातली की एवढे कोण पाहते. शनिवारी ट्रक गेला आणि तीन आठवड्यांनी माल परत आला. मालक ओरडले नाहीत. त्यांनी मला एवढेच विचारले, "तुम्हाला हे कधी दिसलं होतं?" मी खरे सांगितले, "गुरुवारी." ते काही न बोलता निघून गेले, आणि त्यानंतर वर्षभर माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक पाचवा गठ्ठा ते स्वतः उघडून पाहत राहिले. पगार कापला असता तर मला बरे वाटले असते.

तेव्हा तुला सांगायचे ते हे, की आपल्या कामातली वाईट बातमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून वरिष्ठांपर्यंत जाऊ देऊ नये. ती आपण सांगावी, लवकर सांगावी आणि शक्यतो लिहून सांगावी. सांगतानाही नुसते "अडचण आली आहे" असे म्हणून गप्प बसू नये, कारण त्याने समोरच्याच्या हाती काळजीखेरीज काही पडत नाही. काय झाले, त्याचा परिणाम कशावर होईल, मी आतापर्यंत काय करून पाहिले, आणि आता मला काय हवे आहे किंवा नवी तारीख कोणती, एवढे चार-पाच ओळींत बसते. तुझ्या बाबतीत दुसऱ्या दिवशी दुपारीच असे लिहिता आले असते: "जुन्या नोंदींपैकी काही नव्या रचनेत बसत नाहीत, त्यामुळे बुधवारचे काम शुक्रवारवर जाईल असे दिसते, मी दोन पद्धती करून पाहिल्या, ज्यांनी मूळ नोंदी केल्या त्यांच्याशी अर्धा तास बोलता आले तर बहुधा उलगडेल." असा निरोप आल्यावर कोणताही शहाणा वरिष्ठ रागावत नाही, कारण ग्राहकाशी बोलायला त्याच्या हाती अजून वेळ असतो. आणि रागावलाच, तर तो राग दुसऱ्या दिवशीचा असतो, सहाव्या दिवशीचा नसतो.

याचा अर्थ धागा जरा ताणला की आरडाओरडा करावा असाही नाही. आमच्याकडे एक मुलगा दर दहा मिनिटांनी काहीतरी विचारायला येत असे, आणि लोक त्याला पाहून टेबल बदलत. एक-दोन तास स्वतः झगडावे, काय केले ते टिपून ठेवावे आणि ते टिपण घेऊनच विचारायला जावे. अर्ध्या वेळा लिहिता लिहिताच उत्तर सापडते.

तीन दिवसांचे काम सहा दिवसांवर का गेले, हा प्रश्न मात्र उरतोच. मी त्यासाठी एक साधी वही ठेवत असे, ती अजून कपाटात आहे. डाव्या बाजूला काम आणि मी सांगितलेला वेळ, उजव्या बाजूला प्रत्यक्ष लागलेला वेळ. तीन महिन्यांनी पाहिले तर मी जिथे जिथे दोन दिवस म्हटले होते, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी तीन लागले होते. त्यानंतर मनात दोन आले की मी तीन सांगू लागलो आणि माझ्यावर वेळ चुकवण्याची पाळी फारशी आली नाही. तूही अशी वही ठेव, संगणकावर ठेवलीस तरी चालेल, पण ती रोज संध्याकाळी उठण्यापूर्वी भर. आठवड्याने आठवून लिहिलेला हिशेब आपण आपल्या सोयीने लिहितो. बैठकीत जे ठरले तेही त्याच दिवशी दोन ओळींत सर्वांना कळवत जा, म्हणजे महिन्याभराने कोण काय म्हणाले यावर वाद होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आमच्या कारखान्यातले बहुतेक विणकर घरी तेलुगू बोलणारे. माझ्याशी ते मराठीत बोलत, पण कामापुरते. मागात काही खुपत असेल तर ते आपसांत बोलत आणि मला आठवड्याने कळे. म्हणून चाळिशीत मी तेलुगू शिकायला घेतले. व्याकरण आजही कच्चेच आहे आणि कांड्या भरणाऱ्या बायका माझ्या उच्चारांना हसत असत, पण हसता हसता त्या "या गठ्ठ्याचं सूत कच्चं आहे" हे त्याच दिवशी सांगू लागल्या. आपल्या भैया चौकात ज्यांचे स्मारक आहे ते डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तेव्हा तेही तिथली भाषा शिकले आणि त्याच भाषेत रुग्णांशी बोलू लागले. ती फार मोठी माणसे, आपण आपल्यापुरते पाहावे. तुझे काम तपासणारे, ग्राहकांचे फोन घेणारे जे लोक आहेत, त्यांच्या शेजारी महिन्यातून एकदा तासभर बसत जा आणि त्यांना काय टोचते ते त्यांच्या शब्दांत ऐक. तुझ्या कामातला दोष बहुधा त्यांना तुझ्याआधी दिसत असतो.

नवे शिकण्याबद्दल तुला मी काय सांगणार? आजोबांनी गिरणी सुटल्यावर पन्नाशीत जेकार्डचे पत्ते, म्हणजे मागावर नक्षी उतरवणारे भोकांचे पुठ्ठे, पाडण्याचे काम शिकून घेतले होते, आणि आता त्या पत्त्यांची जागाही संगणकाने घेतली आहे, एवढेच आठवणीत असू दे. रात्री बारापर्यंत थांबण्याला मात्र कोणी मेहनत म्हटले तरी तू भुलू नकोस. थकलेल्या डोळ्यांनी मी पास केलेला माल दुसऱ्या दिवशी मीच परत काढला आहे.

त्याच रात्री तू आईला शेवटी हळूच म्हणालीस की अजून एक गोष्ट सांगायची राहिली आहे, दुसऱ्या एका भागातही तोच घोळ असावा. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोपर्यंत तू ते सांगितले नसशील, तर त्याच सकाळी, चहाच्याही आधी, तो निरोप लिही.

आता माझा निरोप, त्याच पद्धतीने. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितले आणि मी ते तुला सांगितले नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे पसरट दिसतात, म्हणून अंधार पडल्यावर स्कूटर चालवणे बंद केले आहे. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ठरली आहे, त्याच दिवशी घरी सोडतील, मामा सोबत येणार आहे. तुला रजा काढण्याची आवश्यकता नाही. त्या आठवड्यात रोज रात्री आईला एक फोन कर, म्हणजे झाले.

आईने शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या वेगळ्या पाठवल्या आहेत.

तुझा,
अप्पा