कॉलम वाढला, आसारी मात्र चारच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमळनेरला आमच्या घराचं काम चालूय, वर एक मजला वाढवायचं ठरलं म्हणून फुटिंग (कॉलमचा पाया) भरायच्या आधीच ९ बाय ९ इंचाचे कॉलम ९ बाय १२ केले, आणि आसारी, म्हणजे आतली लोखंडी सळई? तीच, चार सुताची, म्हणजे १२ मिमीची, चार नग. मिस्तरी म्हणे, काई व्हस नई भाऊ, इतकी वर्षं चारच टाकतोय.

रात्री वही घेऊन बसलो. १२ मिमीच्या एका आसारीचं क्षेत्रफळ, व्यासाचा वर्ग गुणिले ३.१४ भागिले ४, येतं ११३ चौरस मिमी, चारचं ४५२. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय कोडात, कॉलमच्या क्षेत्रफळाच्या किमान ०.८ टक्के स्टील सांगितलंय. ९ बाय ९ इंच म्हणजे मिमीत २३० बाय २३०, क्षेत्रफळ ५२,९००, त्याचं ०.८ टक्के ४२३. म्हणजे जुन्या कॉलमला चार पुरत होत्या, मिस्तरी खोटं बोलत नव्हता! पण ९ बाय १२ च्या, म्हणजे २३० बाय ३०० चे होतात ६९,०००, तिथं ५५२ लागतं. सहा टाकल्या तर ६७८, मग जमतं.

आणि ते १६२ चं सूत्र, व्यासाचा वर्ग भागिले १६२, साइटवर सगळ्यांना पाठ असतं, पण ते मीटरमागे किलो वजन आहे, बिल काढायला. आमच्या ठेकेदाराने तेच क्षेत्रफळ म्हणून सांगितलं, काय बोलणार.

मग तो म्हणे, कॉलम लोडपेक्षा मोठा असला तर ०.८ टक्के लोडला लागणाऱ्या काँक्रीटवरच धरतात. हे खरंय, कोडात तसं आहे. पण मग लोड काढलेला कागद दाखवा ना, कॉलम वाढवला तोच मुळी लोड वाढतोय म्हणून.

शेजारच्या साइटवर तर लाइटवाल्याने कॉलमच्या पोटातून २५ मिमीचा पाइप वर नेलाय. त्याचं क्षेत्रफळ ४९१, म्हणजे चार आसाऱ्यांपेक्षा जास्त जागा पोकळ.

नगरपालिकेने परवानगी देताना एवढं तरी करावं, कॉलमचं माप आणि आसारीची संख्या लिहिलेला तक्ता मराठीत साइटवर लावायला लावावा, म्हणजे घरमालकाला मोजता तरी येईल. आमचं फुटिंग मी थांबवलंय, प्रत्येक कॉलमला दोन आसाऱ्या वाढेपर्यंत, घरचे वैतागलेत ते वेगळं.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)