हाल झाले की लेखक होतो म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला तो लेख वाचला. दोनदा वाचला, पहिल्यांदा वाटलं गंमत चाललीय. म्हणजे पोटाला चिमटा बसला की प्रतिभा फुलते, असंच ना? सुरेश भटांचा पोलिओ, हिंदी कवी मुक्तिबोधांची ओढाताण, बहिणाबाईंचं वैधव्य, सगळं एकाच ताटात वाढलंय. अहो, मुक्तिबोध आपल्याच नागपुरात दहाएक वर्षं राहिले, रेडिओत, पेपरात नोकऱ्या केल्या, आणि स्वतःचा पहिला कवितासंग्रह निघाला १९६४ला, त्याच वर्षी ४६व्या वर्षी गेले. हाल कमी असते तर काय कमी लिहिलं असतं त्यांनी?

माझी आई कथा लिहायची. नागपूरच्या महाल भागात दोन खोल्या, माणसं सात. तिला वेळ मिळायचा तो फक्त उन्हाळ्यात दुपारी, सगळे कूलरसमोर आडवे झाले की. तिथंच बाजूला मांडीवर लाँगबुक घेऊन बसायची, वाळ्याच्या ओल्या हवेनं कागद सर्द व्हायचा, शाई फुटायची, म्हणून शेवटी पेन्सिलीवर आली. चारच्या चहापर्यंत फार तर दीड पान. पाऊस लागला की कूलर बंद आणि कथाही बंद, ते थेट पुढच्या उन्हाळ्यात. एका कथेतली सून तीन उन्हाळे विहिरीच्या काठावरच उभी होती, आम्ही विचारायचो, उडी मारते का गं ती? आई म्हणायची, थांब, आधी कणीक भिजवू दे.

१९९४च्या दिवाळीत घर रंगवायला काढलं तेव्हा ती लाँगबुकं मीच रद्दीत घातली. तुमच्याच पेपरच्या गठ्ठ्यासोबत, काट्यावर. आईनं नंतर माळ्यावर एकदा पाहिलं, विचारलं मात्र काही नाही. बहिणाबाई गेल्यावर त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, कवितांची वही अत्र्यांना दाखवली म्हणून १९५२ला पुस्तक निघालं, आमच्या आईच्या वाट्याला मी आलो. आता ह्यात दुःखानं काय फुलवलं ते तुमच्या लेखकमहाशयांनी सांगावं, त्यांच्या फोटोत मागे एसी दिसतोय, बरं आहे.

आणि हो, राखाडी रंगावर पांढरी अक्षरं छापायची कोणाची आयडिया? साठी उलटलेल्या माणसानं वाचायचं कसं? शब्दकोड्याचं उत्तरही दोन रविवार झाले गायब आहे. ते तरी छापा बाप्पा, सात आडवं अजून अडलंय.

आपला,
एक जुना वाचक, महाल, नागपूर