उद्यमनगरातले छोटे गाळे राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात तरुणांनी धंद्यात पडावं म्हणून काय काय पाहिजे यावर सध्या सगळेच बोलतायत, ट्रेनिंग पाहिजे, कर्ज पाहिजे, इंटरनेटवालं ऑफिस पाहिजे, सगळं खरंय, पण उद्यमनगरात, म्हणजे शहरातल्या या छोट्या वर्कशॉपांच्या वस्तीत, 22 वर्षं लेथ चालवतोय म्हणून सांगतो, नवा माणूस धंद्यात टिकतो तो शेजारामुळं.

मागच्या महिन्यात कागलकडच्या एक ताई आल्या. बचत गटातनं शेवयांचं मशीन घेतलेलं, जाळीतनं जाड शेवया पडायच्या आणि गिऱ्हाईक मागायचं बारीक. ज्यांच्याकडनं घेतलं ते म्हणाले नवीन मशीन घ्या. मी पितळेची चकती टर्न केली, मागच्या गल्लीतल्या पोरानं बारीक भोकं पाडली, शेजारी बफिंग करून ती चमकवली आणि संध्याकाळी ताईंनी डब्यातनं आणलेलं पीठ शेडच्या दारातच घालून बघितलं. केसासारख्या शेवया पडल्या! सगळं दोनशे पावलांत.

हे काय आपोआप झालेलं नाही. शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ उभी राहिली, ऊस वाढला तसे घाणे, पंप, ऑइल इंजिनं लागायला लागली आणि ती दुरुस्त करता करता म्हादबा मेस्त्रींसारखी माणसं स्वतःच मशीनं बनवायला लागली. गिऱ्हाईक आणि कारागीर जवळ होते म्हणून जमलं ते.

आता जागेचे भाव एवढे झालेत की मालक शेड पाडून शोरूम काढतायत. आम्हाला सांगतात, शहराबाहेर एमआयडीसीत जावा, शिरोलीला जावा, गोकुळ शिरगावला जावा. धातू वितळवून ओतणाऱ्या फाउंड्रीला ते बरोबरच आहे, वस्तीत धूर नकोच. पण एका लेथवर सुरुवात करणाऱ्यानं अख्खा प्लॉट घेऊन करायचं काय? मी स्वतः अर्ध्या शेडमध्ये सुरू केलं, दुसऱ्या अर्ध्यात शेपरवाला, म्हणजे लोखंड तासून सपाट करणाऱ्या मशीनवाला होता, त्याच्याकडं आलेलं गिऱ्हाईकच पहिली दोन वर्षं मला पुरलं, नाहीतर मी कधीच गुंडाळलं असतं.

महापालिकेला हात जोडून विनंती आहे, नवीन बांधकामाला परवानगी देताना खालच्या मजल्यावर दीडशे-दोनशे फुटांचे काही गाळे आमच्यासारख्या दुसऱ्यांची सुटी कामं करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्यांना परवडेल अशा भाड्यानं ठेवायला लावा, थ्री फेज लाइटसकट, आणि टेम्पो आत येईल एवढा रस्ता सोडा.

माझ्या शेजारची शेड दिवाळीनंतर पाडणारेत. त्या ताईंची चकती चमकवून देणारा बफिंगवाला दोन महिने झाले जागा शोधतोय, अजून मिळालेली नाही.

आपला,
एक लेथवाला, उद्यमनगर, कोल्हापूर