बंद बॉयलरला नायट्रोजन किती लागतो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळी धानाची भरडाई आटोपली की भंडारा-गोंदियाकडच्या उकड्या तांदळाच्या गिरण्यांतले बॉयलर पावसाळाभर थंड पडून असतात. आत ओल आणि हवा राहिली की हवेतला प्राणवायू नळ्यांना खड्डे पाडतो आणि हंगामात पहिल्या वाफेलाच नळी गळते. नायट्रोजन भरून ठेवणे हा त्यावर उत्तम उपाय आहे. सिलिंडर मात्र सर्रास अंदाजपंचे मागवले जातात.

आधी बॉयलरचे पोट मोजावे. बाहेरून टेप लावून उपयोग नाही, आतली बरीच जागा नळ्यांनी आणि भट्टीने घेतलेली असते. वरच्या एअर व्हेंटमधून पाणी सांडेपर्यंत बॉयलर भरावा आणि हजार लिटरच्या किती टाक्या रिचवल्या ते लिहून ठेवावे. सहा टाक्या म्हणजे ६ घनमीटर. गेज ग्लासच्या (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या) निम्म्यापर्यंतचे माप चालणार नाही, वाफेची जागाही त्यात धरायची आहे.

आता गॅस. ४७ लिटरच्या, १५० बारच्या सिलिंडरमधून साधारण ६.८ घनमीटर हाती लागतो. रिकाम्या बॉयलरमध्ये १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब भरून सोडून दिला की प्राणवायू निम्मा होतो. २१ टक्क्यांवरून १ टक्क्याखाली यायला असे पाच वेळा करावे लागते, म्हणजे ३० घनमीटर, आणि शेवटी ठेवायच्या ०.३ किलो दाबाचे १.८ वेगळे. पाच सिलिंडर गेले! त्याऐवजी काठोकाठ भरलेले, औषध टाकलेले पाणी नायट्रोजननेच खाली ढकलले तर हवा आत येतच नाही. ६ गुणिले १.३ (हवेच्या दाबाचा १ आणि वरचा ०.३), म्हणजे ७.८ घनमीटर. दोन सिलिंडरांत काम होऊन ५.८ घनमीटर शिल्लक राहतो. आमच्या मते लहान गिरणीने हीच पद्धत धरावी.

व्हेंटला रेग्युलेटरमधून नळी जोडून ०.३ किलो लावा आणि ब्लो-डाऊन (तळाचे पाणी सोडायचा व्हॉल्व्ह) अगदी हळू उघडा. घाईने उघडला की आत ओढ निर्माण होते आणि ग्लँडमधून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) हवा शिरते. खालून गॅस फुरफुरू लागला की लगेच बंद करा. बॉयलरच्या १५-२० किलोच्या गेजवर ०.३ दिसतच नाही. ० ते १ किलोचा छोटा गेज लावा. मेन स्टीम व्हॉल्व्ह गळका असेल तर ब्लँक प्लेट (बिनभोकाची पत्र्याची चकती) टाका. बहुतेक गॅस तिथूनच जातो.

दाब रोज पहाटे एकाच वेळी वाचा. दुपारी ४० अंशांना ०.३० दिसणारा काटा पहाटे २६ अंशांना ०.२४ वर येतो, ती गळती नव्हे. गरम बॉयलरमध्ये भरलेला गॅसही निवल्यावर असाच उतरतो. खरी गळती असेल तर दर ०.१ किलोला ०.६ घनमीटर पुन्हा भरावा लागेल. आठवड्याला ०.१ उतरत असेल तर शिल्लक गॅस नऊ आठवडे पुरेल, पुढच्या पावसाळ्याला नाही. म्हणून गळती आधीच शोधा, साबणाचे पाणी पुरते.

सिलिंडर करड्या रंगाचा, काळ्या मानेचा आहे ना, हे स्वतः पाहा. काळा आणि पांढऱ्या मानेचा असेल तर तो ऑक्सिजन.

आणि मॅनहोलवर 'आत नायट्रोजन, डोके घालू नये' अशी पाटी लावाच. या गॅसला वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही, माणूस सरळ कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. तपासणीपूर्वी मॅनहोल आणि खालचे हँडहोल उघडून ब्लोअर चालवावा, ऑक्सिजन मीटर दोरीने तळापर्यंत सोडावा. १९.५ टक्क्यांच्या खाली कोणालाही आत पाठवू नये. प्रत्येक गिरणीला मीटर परवडत नसेल तर तालुक्यातल्या गिरणीमालकांनी मिळून एक घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपले,
भंडारा जिल्ह्यातील बॉयलर अटेंडंट