तीनदा दुरुस्त होऊनही बंद पडणारा रिफर्बिश्ड लॅपटॉप परत घेण्याबाबत

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष लॅपटॉप परत घेऊन २७,४९० रुपये परत मिळणे, अथवा तो बदलून मिळणे

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी घेतलेला रिफर्बिश्ड (वापरलेला, पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला) लॅपटॉप ११ एप्रिल २०२५ रोजी मानेवाड्यातील माझ्या घरी पोहोचला. आजपर्यंतच्या ११५ दिवसांपैकी ३२ दिवस तो आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये होता. तिन्ही वेळा तक्रार एकच होती : काम चालू असताना लॅपटॉप कसलीही सूचना न देता एकदम बंद पडतो. आजही तो तसाच बंद पडतो.

मी इतवारी आणि मस्कासाथ भागातल्या लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि त्यांची जीएसटी विवरणपत्रे भरते. विवरणपत्रे भरण्याची शेवटची मुदत असलेली महिन्याची ११ आणि २० तारीख माझ्यासाठी काय असते, हे या कामातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. नवा लॅपटॉप परवडत नव्हता, म्हणून विचार करून रिफर्बिश्ड घेतला. झाकणावर ओरखडे असतील, कीबोर्डची अक्षरे पुसट असतील, हे मला मान्य होते आणि त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण आपल्या जाहिरातीत ‘पूर्ण तपासणी केलेला, कामासाठी तयार’ असे लिहिले होते. मी पैसे त्या शब्दांवर दिले.

पहिल्यांदा तो २० एप्रिलला रात्री नऊच्या सुमारास बंद पडला. दोन व्यापाऱ्यांची थ्री-बी, म्हणजे २० तारखेची विवरणपत्रे, भरून झाली होती, तिसऱ्याची अर्ध्यावर होती. चार वेळा सुरू केला, चारही वेळा काही मिनिटांत बंद. ते विवरणपत्र दुसऱ्या दिवशी दुसरीकडे बसून भरले आणि विलंब शुल्काचे ५० रुपये माझ्या खिशातून दिले. रक्कम लहान आहे. पण अकरा वर्षांत माझ्या हातून कोणाचीही तारीख चुकली नव्हती, ती त्या दिवशी चुकली, आणि त्या काकांसमोर उभे राहताना मला फार वाईट वाटले. आपल्याला फोन केला तेव्हा सांगण्यात आले की परतीची मुदत सात दिवसांची आहे आणि आज नववा दिवस आहे, त्यामुळे आता फक्त दुरुस्ती होईल. २२ एप्रिलला लॅपटॉप नेला, १ मे रोजी बॅटरी बदलून परत आला.

दुसऱ्यांदा २७ मे रोजी. तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता, आणि आपल्या प्रतिनिधींनी दोष नागपूरच्या उन्हावर टाकला. माझे टेबल कूलरसमोर आहे आणि लॅपटॉप सकाळी साडेसहालाही बंद पडत होता, हे मी त्याच वेळी सांगितले होते. पंखा साफ करून, थर्मल पेस्ट लावून ९ जूनला तो परत मिळाला. या वेळी मला न विचारता डिस्क फॉरमॅट केली गेली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप आदल्या रात्री पेन ड्राइव्हवर घेतला होता म्हणून वाचले, तरी एका दिवसाच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगेन की लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या आणि तो घेतल्याची नोंद जॉब शीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्तीच्या कागदावर, लिहून घ्या.

तिसऱ्यांदा १० जुलैला, जीएसटीआर-वन या ११ तारखेच्या विवरणपत्राच्या आदल्या दिवशी. बाहेर झड लागली होती, हवा गार होती. उन्हाचे कारण तिथेच संपले. चार्जर लावलेला असतानाही तो बंद पडत होता, म्हणजे बॅटरीचेही कारण उरले नाही. १२ जुलैला नेताना मी चिठ्ठी लिहून झाकणाला चिकटवली होती : ‘टॅली आणि ब्राउझर दोन्ही उघडून किमान एक तास चालवून पाहा, दोष चाळीस-पन्नास मिनिटांनी दिसतो.’ २४ जुलैला लॅपटॉप आला, तेव्हा चिठ्ठी होती तशीच होती आणि जॉब शीटवर लिहिले होते, ‘नो फॉल्ट फाउंड’. २५ जुलैला संध्याकाळी तो पुन्हा बंद पडला.

माझ्या भाच्याने मला विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले की तिथे कर्नल-पॉवर, क्रमांक ४१ अशी नोंद होते. २५ जुलै ते ३ ऑगस्ट या काळात अशा १७ नोंदी आहेत. त्याच नोंदींनुसार १२ ते २४ जुलै या बारा दिवसांत लॅपटॉप फक्त एकदा, १८ तारखेला दुपारी, अकरा मिनिटे चालू होता. चाळीस मिनिटांनी दिसणारा दोष अकरा मिनिटांत कसा सापडणार? डिस्क न वापरता दुसऱ्या पद्धतीने तपासणी झाली असेल, तर तिचा अहवाल मला द्यावा. नोंदींचे फोटो, तीन जॉब शीट, बिल आणि बंद पडतानाचे दोन व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

‘रिफर्बिश्डमध्ये थोडेफार असे होतेच, मॅडम,’ असे मला फोनवर दोनदा ऐकवले गेले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(१०) ची व्याख्या मी वाचली आहे. विक्रेत्याने जो दर्जा सांगितला त्यात उणीव असेल तर तो दोषच, आणि त्या व्याख्येत नव्या-जुन्या वस्तूंचा भेद केलेला नाही. कलम ३९ नुसार जिल्हा ग्राहक आयोग वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मला आपल्या मुख्यालयाच्या शहरात यावे लागणार नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्कही नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या २५ जुलैच्या ईमेलची पोच अजून आलेली नाही.

मला चौथी दुरुस्ती नको आहे. २७,४९० रुपये परत करावेत. ते शक्य नसेल तर त्याच क्षमतेचा दुसरा लॅपटॉप द्यावा आणि त्याची सहा महिन्यांची वॉरंटी तो मिळाल्याच्या दिवसापासून धरावी, कारण सध्याची वॉरंटी १० ऑक्टोबरला संपते आणि सेंटरमध्ये गेलेल्या ३२ दिवसांची वाढ आपण तिला देत नाही. नवा आलेला लॅपटॉप एक तास माझ्यासमोर चालवून दाखवावा, मगच मी जुना सोपवीन.

१९ ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर न मिळाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नागपूर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. उत्तर ईमेलनेच द्यावे. फोनवर दिलेली तीन आश्वासने माझ्याकडे आहेत, पण त्यातले एकही कागदावर नाही.

आपली ग्राहक,
(सही)
मानेवाडा, नागपूर